तारांचे दप्तर : गणनसमूहातील केबल आणि पोर्टनोंदींचा आढावा

अनेक संगणक एका जागी मांडून, त्यांना जलद जाळ्याने परस्परांशी जोडून, एकच अवाढव्य गणित त्या सर्वांकडून वाटून करवून घेण्याची जी पद्धत आज क्लस्टर या नावाने रूढ झाली आहे, तिच्याविषयी मराठीत जे थोडेफार लेखन होते त्याचा भर बहुधा प्रोसेसरांच्या वेगावर आणि आज्ञावलींच्या रचनेवर असतो. हे संगणक ज्या तारांनी जोडलेले असतात त्या कोठून निघतात, कोठे पोचतात आणि याची नोंद कोणी, कोठे व कोणत्या रीतीने ठेवावी, या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा सहसा दृष्टीस पडत नाही. तरीही असा समूह चार-पाच वर्षे सांभाळावा लागलेल्या कोणाही माणसास विचारले, तर प्रोसेसर बिघडल्याने गेलेल्या वेळापेक्षा कोणती तार कोणत्या पोर्टात आहे हे शोधण्यात गेलेला वेळच त्याला अधिक आठवेल, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. आणि त्या मतामागील कारणे नीट मांडावीत, एवढ्याचसाठी हा आढावा.

आदिलाबादच्या वाचकासमोर हा विषय मांडण्याचे एक विशेष कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ज्या जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले, आणि २०१६ साली ज्याचे आणखी विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, तो हा मुलूख पुणे आणि हैदराबाद या दोन्ही संगणकविद्येच्या केंद्रांपासून दूर आहे. बासरचे राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ २००८ साली स्थापन झाले तेव्हा ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आज ते निर्मल जिल्ह्यात मोडते. अशा ठिकाणी एखाद्या विद्यालयाने वा संशोधन केंद्राने सोळा नोडांचा, म्हणजे सोळा संगणकांचा, लहानसा समूह उभारायचे ठरविले, तर यंत्रे बाहेरून येतात, जोडणारे तंत्रज्ञ बाहेरून येतात, काम संपवून निघून जातात, आणि मागे राहिलेला प्रयोगशाळा-साहाय्यकही दोन-तीन वर्षांत बदलून जातो. पुण्यात अडचण आली तर शेजारच्या संस्थेतील जाणता माणूस तासाभरात येऊ शकतो. येथे जाणता माणूस म्हणजे तारेच्या टोकावर चिकटविलेली चिठ्ठी, दुसरा कोणी नव्हे.

गणकयंत्रांच्या इतिहासात तार हा नेहमीच कळीचा प्रश्न राहिला आहे. १९७६ साली अमेरिकेत लॉस अलामोस येथे दाखल झालेल्या क्रे-१ या महासंगणकाचा आकार अर्धवर्तुळाकृती ठेवण्याचे मुख्य कारण आतील तारांची लांबी कमी राखावी हे होते, आणि त्यातील कोणतीही तार चार फुटांहून अधिक लांब नव्हती. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० सिद्ध केला, तो ट्रान्सप्युटर या चिपांवर आधारलेला होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरला बाहेर पडणारे चार दुवे असत, आणि कोणाचा कोणता दुवा कोणाच्या कोणत्या दुव्याशी जोडलेला आहे यावरच त्या यंत्राचे स्वरूप ठरत असे. पुढे १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा साध्या संगणकांना इथरनेटने जोडून बियोवुल्फ नावाचा समूह उभा केला. तेव्हापासून बाजारात मिळणारी यंत्रे आणि बाजारात मिळणाऱ्या तारा एवढ्या सामग्रीवर कोणत्याही संस्थेला महासंगणकाची लहान प्रतिकृती करता येऊ लागली, आणि तारांच्या नोंदीची जबाबदारी कारखान्यातून निघून त्या संस्थेच्या अंगावर आली.

या परंपरेतील मराठी मुलखाचे एक लक्षणीय उदाहरण म्हणजे टाटा समूहाच्या संगणन संशोधन प्रयोगशाळेने पुण्यात उभारलेला ‘एका’ हा महासंगणक. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो चौथ्या क्रमांकावर होता, आणि त्यातील रॅकांची मांडणी नेहमीच्या समांतर रांगांत न करता जवळजवळ वर्तुळाकार केलेली होती. रांगेच्या दोन टोकांमधील अंतर आणि वर्तुळाच्या मध्यापासून परिघाचे अंतर यांची तुलना केली, म्हणजे अशा मांडणीने सर्वांत लांब तार किती आखूड होते हे ध्यानात येते. आखूडपणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर तांब्याच्या स्वभावात आहे. सेकंदाला १० गिगाबिट वेगाने संदेश नेणारी साधी जोड-केबल सुमारे सात मीटरपर्यंत चालते, १०० गिगाबिटला ती मर्यादा तीन ते पाच मीटरांवर येते, आणि ४०० गिगाबिटला दोन-तीन मीटरांपलीकडे बहुधा फायबरच वापरावे लागते. वेग वाढेल तसे नोडांच्या तारा एकत्र आणणाऱ्या स्विचाचे स्थान, रॅकांचे अंतर आणि केबलची जात ही तिन्ही एकत्र ठरवावी लागतात.

आता संख्येचा विचार करू. टेलिफोनच्या स्विचांसाठी चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली मांडलेली आणि १९८५ साली चार्ल्स लायझरसन यांनी गणकयंत्रांसाठी ‘फॅट-ट्री’ या नावाने वेगळ्या वाटेने विकसित केलेली द्विस्तरीय रचना आज बहुतेक समूहांत दिसते. तीत छत्तीस पोर्टांचे स्विच वापरले, तर खालच्या स्तरातील प्रत्येक स्विचाचे अठरा पोर्ट नोडांकडे आणि उरलेले अठरा वरच्या स्तराकडे जातात. अशा छत्तीस खालच्या आणि अठरा वरच्या स्विचांवर ६४८ नोड बसतात. नोडांच्या ६४८ आणि दोन स्तरांमधील ६४८ मिळून १,२९६ केबली जलद जाळ्याच्याच झाल्या. प्रत्येक नोडाला व्यवस्थापनासाठी इथरनेटची एक आणि विजेच्या दोन तारा धरल्या, तर हा आकडा ३,२४० होतो, आणि प्रत्येक तारेला दोन टोके असल्यामुळे चिठ्ठ्यांची संख्या ६,४८०. सोळा नोडांच्या लहान समूहातही याच हिशेबाने नोडांच्या तारा चौसष्ट आणि चिठ्ठ्या १२८ होतात. स्मरणशक्तीच्या भरवशावर सोडता येईल, असा हा व्यवहार नाही.

परंतु संख्येपेक्षाही गंभीर गोष्ट चुकीच्या परिणामाची आहे. एखादी तार मुळीच लागली नसेल तर पोर्टाचा दिवा पेटत नाही आणि दोष उघड होतो. ती लागली आहे, पण भलत्याच पोर्टात लागली आहे, तर दिवा पेटतो, नोड उत्तर देतो, गणिते चालू राहतात. केवळ वेग घटतो, आणि तो का घटला याचा उलगडा महिनोन् महिने होत नाही. वरच्या स्तरातील एकाच स्विचाकडे नजरचुकीने दोन तारा गेल्या आणि दुसऱ्याकडे एकही गेली नाही, तर वाहतुकीचा समतोल ढळतो. इन्फिनिबँड या जातीच्या जलद जाळ्याचे मार्ग ठरविणारी ओपनएसएम ही प्रणाली फॅट-ट्रीसाठी खास पद्धत वापरते. पण जोडणी फॅट-ट्रीच्या नियमात बसत नाही असे तिला आढळले, तर ती पद्धत सोडून कमीत कमी टप्प्यांच्या साध्या मार्गांवर येते. काम अडत नाही म्हणून तक्रारही येत नाही, आणि लक्षावधी रुपयांचे जाळे आपल्या योग्यतेपेक्षा कमी दराने राबत राहते. साध्या इथरनेटमध्ये याहून उघड अनर्थ होतो. निनावी केबलचे मोकळे टोक कोणी सद्हेतूने त्याच स्विचात खोचले आणि वर्तुळ पुरे झाले, तर संदेशांचा अखंड लोंढा फिरू लागतो. अशी वर्तुळे तोडण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली दिली खरी, पण स्वस्त स्विचांत ती पुष्कळदा नसते.

तेव्हा चिठ्ठीवर लिहावे काय? या प्रश्नाला प्रस्तुत लेखक आढाव्याचे मर्म मानतो. अमेरिकेच्या दूरसंचार उद्योग संघटनेने टीआयए-६०६ हे मानक १९९३ साली प्रथम प्रसिद्ध केले; २००२, २०१२, २०१७ आणि २०२१ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्याचा गाभा असा, की खोलीतील फरशीवर अक्षरे आणि अंक यांची जाळी कल्पून रॅकाला पत्ता द्यावा, रॅकातील उंची खालून वर मोजून उपकरणाला पत्ता द्यावा, आणि उपकरणावरील पोर्टाचा क्रमांक शेवटी जोडावा. चिठ्ठी हस्तलिखित नसून छापील असावी, आणि केबलच्या दोन्ही टोकांशी, सुमारे ३०० मिलिमीटरच्या आत ती लावावी. हे तत्त्व आपल्याकडील शेतकऱ्याला नवे नाही. निजामी अंमलातील मोजणीपासून चालत आलेला सर्व्हे नंबर शेताच्या धन्याचे नाव सांगत नाही, शेत कोठे आहे ते सांगतो. मालक बदलतो, वारस लागतात, फेरफार होतो, तरी नंबर जागेला बांधलेला राहतो, आणि शेताचे तुकडे पडले तर मूळ नंबराखाली हिस्से पडतात. रॅक, उंची आणि पोर्ट यांचा पत्ता हा तारांच्या मुलखातील सर्व्हे नंबर होय. एका पोर्टाचे दोन वा चार उपपोर्ट करणाऱ्या केबली आता आल्या आहेत, त्यांनाही हिस्स्याप्रमाणेच मूळ क्रमांकाखाली उपक्रमांक द्यावा. ‘नवा सर्व्हर’, ‘प्रयोगशाळा दोन’, ‘तात्पुरती’ अशा चिठ्ठ्या लावणारा मनुष्य धन्याचे नाव लिहितो आणि जागा लिहावयाची विसरतो. नवा सर्व्हर जुना होतो, प्रयोगशाळा हलते, तात्पुरती जोडणी कायमची होते, आणि चिठ्ठी असत्य सांगू लागते.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, हे नामकरणाच्या शिस्तीचे मोठे बोधप्रद उदाहरण आहे. तिच्या तीस अँटेनांपैकी चौदा मध्यवर्ती चौकात आहेत आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरांत पसरल्या आहेत. मध्यवर्ती अँटेनांना सी, आणि भुजांवरील अँटेनांना पूर्व, दक्षिण व पश्चिम या दिशांची ई, एस व डब्ल्यू ही आद्याक्षरे दिलेली आहेत. क्रमांक पाहिले तर सी-०६ नंतर सी-०८ येतो, पूर्वेची भुजा ई-०२ पासून सुरू होते, आणि एस-०४ नंतर एस-०६ लागतो. मधल्या रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी कोणी क्रमांक सरकविलेले नाहीत. प्रत्येक अँटेनाकडून दोन ध्रुवणांचे दोन संकेत धरून साठ संकेत ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि अँटेनांच्या ४३५ जोड्यांचे परस्परसंबंध तेथील संगणकसमूहाला काढावे लागतात. या साखळीत दोन तारांची अदलाबदल झाली, तर यंत्र बंद पडणार नाही, पण आकाशाचे चित्र चुकीचे उमटेल. क्रमसंख्येतील पोकळी सहन करावी, पण एकदा दिलेले नाव हलवू नये, हा धडा लहान समूहालाही तंतोतंत लागू पडतो.

पोर्टाच्या क्रमांकाविषयी मात्र उत्पादकांत एकवाक्यता नाही, आणि ही मोठी अडचण आहे. काही स्विचांवर वरच्या ओळीत विषम व खालच्या ओळीत सम क्रमांक असतात. काहींवर वरची ओळ पूर्ण झाल्यावर खालची सुरू होते. सिस्कोच्या स्विचांत पोर्टाची गणना एकापासून सुरू होते, ज्युनिपरच्या स्विचांत शून्यापासून. इन्फिनिबँड स्विचांत शून्य क्रमांक स्विचाच्या आतल्या व्यवस्थापनाकडे जातो आणि बाहेरचे पोर्ट एकापासून मोजले जातात. नोडांच्या बाजूसही लिनक्समध्ये पूर्वी जाळ्याच्या कार्डांना ती सापडतील त्या क्रमाने नावे मिळत, म्हणून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पहिले कार्ड दुसरे होण्याचा संभव असे. २०१३ पासून सिस्टीमडी या प्रणालीने कार्डाच्या मदरबोर्डावरील जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. क्रमाऐवजी जागा, हेच तत्त्व येथेही अखेर मान्य झाले. आपण करावयाचे ते इतकेच, की स्विचाच्या मुखावर छापलेला क्रमांक प्रमाण मानावा आणि त्यावर आपला निराळा क्रमांक चढवू नये.

रंगांविषयी थोडक्यात सांगता येईल. सिंगल-मोड फायबर पिवळे, ओएम-३ फिकट निळसर-हिरवे, ओएम-५ पोपटी, हे संकेत उपयुक्त आहेत. व्यवस्थापन, साठवण आणि गणन यांच्या जाळ्यांना निरनिराळ्या रंगांच्या केबली वापरणेही चांगले. पण रंग ही चिठ्ठी नव्हे. नेमकी निळी केबल संपलेली असते त्या दिवशी कोणीतरी करडी लावतो, आणि त्या दिवसापासून रंगावर विसंबणारा फसतो.

आदिलाबादच्या हवामानाचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे, कारण परदेशी पुस्तिकांत तो आढळत नाही. येथील उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. रॅकाच्या मागील बाजूस यंत्रांची ऊन हवा बाहेर पडते, तेथे वातानुकूलन काही तास बंद राहिले तर तापमान किती चढते हे सांगावयास नको. साध्या चिकटपट्टीचा गोंद अशा उष्णतेत पातळ होऊन चिठ्ठी सरकते, आणि दुकानातील पावत्या ज्यावर छापतात तो उष्णतेने उमटणारा कागद उष्णतेनेच काळवंडतो. तेव्हा शाईची फीत वापरणाऱ्या छपाईयंत्रावर काढलेल्या, केबलभोवती गुंडाळून स्वतःच्याच पारदर्शक शेपटीखाली झाकल्या जाणाऱ्या व्हिनाइलच्या चिठ्ठ्या, किंवा टोक बसविण्यापूर्वी ओवून तापविल्यावर आवळणाऱ्या नळ्या, एवढेच दोन पर्याय येथे टिकाऊ मानावेत. दुसरी बाब कापसाची. ज्या जिल्ह्याची बाजारपेठ कापसावर उभी आहे तेथे हंगामात हवेत तंतू आणि धूळ असणारच, आणि सिंगल-मोड फायबरचा प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास अवघा नऊ मायक्रॉन असल्यामुळे एक सूक्ष्म कण त्याची वाट अडवू शकतो. न वापरलेल्या टोकांवरील आणि पोर्टांवरील टोप्या जपून ठेवाव्यात, हा सल्ला येथे पुण्याहून अधिक निकडीचा आहे. टाय-रॅप करकचून आवळण्याऐवजी वेल्क्रोची पट्टी वापरावी, कारण पुढे एक तार काढताना प्लास्टिकचा पट्टा कापावा लागतो आणि कात्रीचे टोक शेजारच्या फायबराला लागते.

लिपीचाही प्रश्न आहे. या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी आणि लंबाडी बोलणारी माणसे शेजारी शेजारी राहतात, आणि रॅकासमोर उभ्या राहणाऱ्या दोन तंत्रज्ञांची वाचनाची लिपी एकच असेल असे धरून चालता येत नाही. चिठ्ठीवर आंतरराष्ट्रीय अंक आणि मोजकी रोमन अक्षरे असावीत, शून्यासारखे दिसणारे ओ आणि एकासारखे दिसणारे आय ही अक्षरे वर्ज्य करावीत, क्रमांक दोन अंकी लिहावेत. आणि तपशिलाची नोंदवही मात्र ज्यांना ती वाचायची आहे त्यांच्या भाषेत, गरज पडल्यास दोन भाषांत, ठेवावी. मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या लेखकालाही चिठ्ठीपुरता हाच मार्ग सयुक्तिक वाटतो.

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी सोय अशी, की तारा आता स्वतः साक्ष देऊ शकतात. एलएलडीपी या नावाने २००५ साली मानक झालेल्या रीतीनुसार प्रत्येक उपकरण साधारण दर तीस सेकंदांनी आपले नाव आणि पोर्ट शेजाऱ्याला कळविते. इन्फिनिबँडमध्ये आयबीनेटडिस्कव्हर ही आज्ञा सबंध जाळ्याची जोडणी, प्रत्येक उपकरणाच्या अद्वितीय ओळखक्रमांकासह, लिहून देते, आणि त्या ओळखक्रमांकांना आपल्या पत्त्यांची नावे जोडणारी एक साधी फाइल करून ठेवता येते. यावरून काहींचा असा आग्रह दिसतो, की आता चिठ्ठ्यांची आवश्यकताच नाही. हा आग्रह मान्य करता येत नाही. बंद पडलेला नोड साक्ष देत नाही, विजेची तार आपले नाव सांगत नाही, आणि रात्री रॅकामागे विजेरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तार असते, पडदा नसतो. यंत्राची साक्ष सांगते जोडणी कशी आहे. नोंदवही सांगते ती कशी असावी. चिठ्ठी सांगते हात कोठे घालावा. या तिहींचा मेळ राखणे हेच खरे काम आहे, आणि मेळ बिघडलेला दिसला तर त्याच दिवशी बसवावा.

मेळ बिघडल्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बाहानगा बाजार स्थानकाजवळ दिसले. कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्ग सोडून लूप मार्गावरील उभ्या मालगाडीवर आदळली, आणि २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या मंडलातील फेरबदलांतील त्रुटी पुढे आल्या, आणि फाटकाजवळील जोडपेट्यांतील तारांवरची चुकीची नावे वर्षानुवर्षे तशीच राहिली होती, हेही नमूद झाले. संगणकसमूहातील चुकीने माणसे मरत नाहीत, म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे उचित नव्हे. परंतु दोषाची जात तीच आहे. चिठ्ठी नसणे ही गैरसोय आहे, चुकीची चिठ्ठी हा धोका आहे, कारण चिठ्ठी नसली तर माणूस तपासतो आणि असली तर विश्वास ठेवतो. रेल्वेत सिग्नलच्या जोडणीला हात लावण्यापूर्वी स्थानकप्रमुखाला लेखी सूचना द्यावी लागते आणि पुन्हा जोडल्यावर चाचणी घेऊन तसा दाखला द्यावा लागतो. हा शिरस्ता नियमात असूनही जेथे पाळला जात नाही तेथे अनर्थ होतो, पण म्हणून शिरस्ता निरर्थक ठरत नाही. लहान समूहातही तार काढणाऱ्याने नोंदवहीत तारीख, काढलेले टोक, नवे टोक आणि आपली सही इतका फेरफार लिहावा, दुसऱ्या माणसाने यंत्राच्या साक्षीशी तो पडताळून पाहावा, आणि निकामी झालेली तार रॅकात लोंबकळत न ठेवता चिठ्ठीसह बाहेर काढावी.

जाणकारांत एक मतभेद अद्याप मिटलेला नाही. केबलवर दोन्ही टोकांचे पत्ते लिहावेत, की केवळ एक अनुक्रमांक छापून पत्ते नोंदवहीत ठेवावेत? अनुक्रमांकाच्या बाजूने असे म्हणतात, की तार हलविली तरी चिठ्ठी बदलावी लागत नाही आणि म्हणून ती कधी खोटी ठरत नाही. हजारो तारांच्या समूहात, बारकोड वाचणारे यंत्र हाताशी असेल तर, हे म्हणणे बिनतोड आहे. परंतु जेथे नोंदवही कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे असण्याचा संभव आहे, तेथे तारेनेच स्वतःची दोन्ही टोके सांगितली पाहिजेत. म्हणून आदिलाबाद किंवा बासर येथील सोळा-बत्तीस नोडांच्या समूहासाठी दोन्ही पत्त्यांच्या चिठ्ठीचा पक्ष प्रस्तुत लेखक निःसंकोच घेतो. यासाठी तारा ओढण्यापूर्वी नोंदवही पूर्ण व्हावी आणि तिच्यावरून चिठ्ठ्या छापल्या जाव्यात, नंतर नव्हे. आणि ही तजवीज ठेकेदाराच्या सौजन्यावर न सोडता निविदेच्या कागदातच स्वतंत्र कलम घालून करावी, की प्रत्येक टोकाची छापील चिठ्ठी, तपशिलाची नोंदवही आणि जाळ्याने स्वतः दिलेली जोडणीची यादी या तिन्ही ओळीने जुळल्याचा दाखला मिळाल्याखेरीज रकमेचा शेवटचा हप्ता अदा होणार नाही.